अप्पांच्या काट्यातला पासंग

दर वर्षी पावसाळा सरत आला की दिवाळी अंकाचे संपादक माझ्या घरी येतात. चहा घेतात आणि म्हणतात, "काका, यंदाही जुन्या वजनमापांवर काहीतरी द्या. लोकांना आवडतं." मी देतो. पायलीवर लिहून झालं, छटाकावर झालं, सोनारांच्या गुंजांवर झालं. लिहिताना मलाही बरं वाटतं. जन्मभर तराजू दुरुस्त केले, आता त्यांच्या गोष्टी सांगतो.

पण दर खेपेस लिहायला बसलो की एक गोष्ट आधी डोक्यात येते आणि मी ती बाजूला सारून दुसऱ्याच कशाबद्दल तरी लिहितो. अशी कितीतरी वर्षं गेली. लातूरच्या बाजारात शिवलिंगअप्पा नावाचे एक तोलार होते. आडतीवर आलेला शेतकऱ्याचा माल तोलून देणारा तो तोलार. त्यांच्या नावाला "दांडी मारणारा", म्हणजे तोलताना फसवणारा, हे शब्द चिकटले ते कायमचे. अप्पांनी दांडी मारली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कसं माहीत आहे, ते यंदा लिहितो.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी धंदा शिकलो नांदेडला, रहीमचाचांकडे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. निजामाच्या काळात त्यांचे वडील बाजारातली मापं तपासून द्यायचे. तेव्हा शेर म्हणजे ऐंशी तोळे हे कागदावर. प्रत्यक्षात दर बाजाराचा आपला शेर असायचा. एका गावचा माणूस दुसऱ्या गावात धान्य घ्यायला गेला की आधी विचारायचा, "शेर कुठला?" धान्य वजनापेक्षा मापानंच जास्त द्यायचे. चिपटं, मापटं, शेर, पायली. साधारण चार शेरांची पायली, पण तीही सगळीकडे सारखी नाही. वर मापाला शीग लावायची की बोट फिरवून सपाट करायचं, यावरून भांडणं व्हायची. मोजताना पहिल्या मापाला कुणी "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं पुढं. मुसलमान व्यापारी "बरकत" म्हणत. उस्ताद म्हणायचे, पहिलं माप देवाच्या नावानं पडतं, म्हणून ते खोटं पडू नये.

पुढे किलो आला. शेर, मण वितळवून टाकायला आले. त्यातली कित्येक वजनं आम्हीच मोडीत घेतली. नव्या लोखंडी वजनांना बुडाशी एक भोक असतं. त्यात शिसं ओततात, आणि सरकारी निरीक्षक वजन तपासून त्या शिशावर शिक्का मारतो. वजन झिजून हलकं झालं की आम्ही त्यात शिसं भरायचं, जड असलं तर काढायचं, मग पुन्हा शिक्का. पुढे लातूरला दुकान टाकलं, तेव्हा माझा परवाना याच कामाचा होता. वजनं आणि तराजू दुरुस्त करणारा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. उदगीरचे एक सोनार रागारागानं आले, म्हणाले, तुम्ही दिलेला काटा खोटा आहे, मासा पुरा भरत नाही. मी काटा पाहिला, ठीक होता. मग त्यांच्या डबीतल्या गुंजा पाहिल्या. आठ गुंजांचा एक मासा. त्यातल्या दोन गुंजा कीड लागून आतून पोकळ झाल्या होत्या. सोनार म्हणाले, "बाहेर बोलू नका." आता ते नाहीत, म्हणून लिहिलं.

रेणापूरच्या आठवडी बाजारात मिरच्या विकणारी एक मावशी होती. ती किलोच्या जागी दगड वापरायची. निरीक्षकांनी दटावलं म्हणून ती दगड पदरात बांधून माझ्या दुकानात आली.

"ह्याच्यावर शिक्का मारून द्या."

मी म्हटलं, "मावशी, दगडावर शिक्का बसत नाही."

"का बसंना? शेंदूर बसतो की! शेंदूर बसला तर देव होतो, शिक्का बसला तर किलो व्हायला काय झालं?"

दगड तोलला तर किलोपेक्षा जरा जास्तच भरला. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "ठावं हाय मला. तुमचं किलो आसंल सरकारचं, मिरच्या माझ्या हायत." शेवटी तिला एक जुनं, शिक्का मारलेलं वजन दिलं. तिनं ते नेलं. पुढच्या बाजारात बघतो तर वजन एका बाजूला ठेवलेलं, निरीक्षकांना दाखवायला, आणि काम दगडावरच चाललेलं.

आता तराजूबद्दल. मोठा काटा म्हणजे एक लोखंडी दांडी, मधोमध टांगलेली, दोन टोकांना दोन पारडी. दांडी जिथं टेकते तिथं पोलादाची धार असते, मध्ये एक आणि दोन्ही टोकांना एकेक. मधल्या धारेपासून दोन्ही टोकांच्या धारा अगदी सारख्या अंतरावर पाहिजेत. सगळा धंदा या अंतरात आहे. ते अंतर एका बाजूला कणभर कमी झालं तर रिकामा काटा तिरका होतो. मग त्या पारड्याला थोडं वजन बांधलं की काटा पुन्हा सरळ दिसतो. त्या बांधलेल्या वजनाला पासंग म्हणतात. पासंगानं काटा सरळ दिसतो, खरा होत नाही. माल आखूड बाजूच्या पारड्यात असला तर पन्नास किलोचं वजन तोलायला पन्नासपेक्षा जास्त माल घालावा लागतो. पोतं जेवढं मोठं, तेवढी चूक मोठी.

उस्ताद म्हणायचे, "खाली तराजू सबकाच सच्चा दिखता रे, माणिक. भरके पूछ उसको." रिकामा तराजू सगळ्यांचाच खरा दिसतो, त्याला भरून विचार. भरून विचारायचं म्हणजे एकदा माल उजव्या पारड्यात, वजन डाव्या पारड्यात घालून तोलायचं, मग दोन्हींची पारडी बदलून पुन्हा तोलायचं. दोन्ही वेळा सरळ राहिला तर काटा खरा. हे आम्हाला, दुरुस्तीवाल्यांना माहीत. बाजारातले लोक मात्र काय करायचे? रिकामा काटा टांगायचा, पारड्याखाली काही चिकटवलेलं नाही ना हे हात फिरवून बघायचं, मधली सुई सरळ दिसली की झालं. शेतकऱ्याचाही विश्वास बसायचा, आडत्याचाही.

शिवलिंगअप्पा माझ्यापेक्षा वयानं मोठे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याच्या बाहीवर कायम डाळीचा भुसा. त्यांची तोलायची एक रीत होती. हमालानं पोतं पारड्यावर ठेवलं की दोन्ही पारडी झोके घ्यायची. अप्पा वजनाच्या पारड्याच्या साखळीला दोन बोटं लावून ती थांबवायचे. मग दोन्ही हात वर उचलायचे, सगळ्यांना दिसतील असे, आणि काटा आपोआप स्थिरावेपर्यंत वरच ठेवायचे. पोलिसानं धरल्यासारखे. हमाल चेष्टा करायचे, "अप्पा, बंदूक कुणी रोखलीय का?" अप्पा म्हणायचे, "शेतकऱ्यानं रोखलीय. सहा महिने राबलाय त्यो." त्यांच्या आडतीवर शेतकरी गर्दी करायचे ते या हात वर करण्यामुळे.

एका सुगीच्या तोंडावर एका हमालाच्या हातून पोतं सुटलं आणि अप्पांच्या काट्याची मालाच्या बाजूची धार तुटली. अप्पा दांडी खांद्यावर घेऊन माझ्या दुकानात आले.

"माणिक, तुरीची आवक सुरू झालीय. उद्याच्याला होईल का?"

अशा कामाला तीन-चार दिवस लागतात. नवी धार बसवायची, अंतर मोजायचं, भरून तपासायचं, चुकलं तर काढून पुन्हा बसवायचं. हे मी सांगायला हवं होतं. पण माणिककडे काम दिलं की दुसऱ्या दिवशी काटा आडतीवर, असं बाजारात बोललं जायचं, आणि मला ते ऐकायची सवय झाली होती. मी म्हटलं, "होईल की."

धार बसवली. अर्ध्या ज्वारीच्या दाण्याएवढी आत बसली. काटा टांगला तेव्हा सुई कलली. काढून पुन्हा बसवायला वेळ नव्हता. मालाचं पारडं ज्या कडीला अडकवतात त्या कडीत मी आतून भोक पाडलं, शिसं ओतलं आणि वरून घासून काळं केलं. सुई सरळ झाली. हात फिरवला तरी कळणार नाही असा पासंग. मनाशी म्हटलं, तुरीची गर्दी ओसरली की काटा परत मागवून नीट करू. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. दुरुस्त झालेले बरेच काटे रांगेत होते. "तुम्ही केलाय ना? मग बघायचं काय," म्हणाले आणि शिक्का मारून पुढे गेले. त्या वाक्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं.

काही दिवसांनी रेणापूरचे एक शेतकरी, व्यंकटराव, आडतीवर उभे राहून ओरडू लागले. ते तूर गावच्या काट्यावर तोलून आणायचे. इथं दर पोत्याला माल कमी भरत होता. मग आणखी दोघे-तिघे बोलले, आमचंही तसंच होतंय. बघता बघता लिलाव थांबला. बाजारातले जाणते लोक जमले आणि मला बोलावणं आलं.

मी गेलो. काटा रिकामा करून टांगला होता. अप्पा बाजूला उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हा आला. आता हाच सांगंल," ते म्हणाले.

व्यंकटराव म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगायचं. खोट काट्यात हाय का हातात?"

मी कडीला हात लावला. शिसं बोटाला थंड लागलं, निदान मला तसं वाटलं. पारडी बदलून तोललं असतं तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. कुणी तसं सांगितलं नाही, कारण कुणाला ते माहीत नव्हतं. मी फक्त रिकाम्या काट्याची सुई दाखवली. सगळे पुढे झुकून बघू लागले. सुई सरळ होती.

मी म्हटलं, "काटा बरोबर आहे."

खोटं का बोललो, याची उत्तरं मी नंतर पुष्कळ तयार केली. परवाना गेला असता. उस्तादांचं नाव गेलं असतं. पण त्या क्षणी मनात आलेला विचार साधा होता, आणि तोच जास्त वाईट आहे. मला वाटलं, अप्पांवर कोण संशय घेणार? त्यांचं नाव एवढं मोठं आहे, ते हे सहज पेलेल. आज वाद मिटेल, उद्या मी काटा नीट करीन. माझी चूक झाकायला मी त्यांचं नाव वापरलं.

व्यंकटराव वळले. "मंग त्या दोन बोटांचं काय? हात वर करायच्या आधी साखळीला लावता न्हवं तुम्ही?"

"पारडं थांबवाया लावतो," अप्पा म्हणाले.

"थांबवाया का दाबाया? लिंगावर हात ठिवून सांगा. दाबलं न्हाई म्हणा, आम्ही मुकाट जातो."

अप्पांनी उजवा हात उचलला. सदऱ्यावरून लिंगापर्यंत नेला. आणि तिथं थांबले. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपल्याला न समजलेली गोष्ट जाणत्या माणसाला विचारावी तसं.

"माणिक, काट्यात काईच न्हाई?"

"नाही, अप्पा."

त्यांनी हात खाली घेतला.

"जाणून दाबलं न्हाई," ते म्हणाले. "पण काटा खरा हाय, आन् माल कमी भरतोय. मंग बोटं दाबत आसतील. वय झालं. दाबलं न्हाई आशी शपथ मी कशी घेऊ?"

बाजाराला एवढं पुरलं. शपथ घेतली नाही म्हणजे कबूल केलं. अप्पांनी त्याच दिवशी तोलणं सोडलं. कुणी काढून टाकलं नाही, ते स्वतःच निघून गेले. दोन दिवसांनी तेल घालायचं निमित्त करून मी तो काटा दुकानात आणला, कडीतलं शिसं काढलं, धार उखडून पुन्हा बसवली, पारडी बदलून तपासली. काटा खरा झाला. नव्या तोलाराच्या हाताखाली माल पुरा भरू लागला. लोक म्हणाले, "बघा, माणूस बदलला की वजन बदललं." मी केलेल्या दुरुस्तीनं अप्पांवरचा आळ पक्का केला. हे मला काटा परत पाठवताना सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर काय केलं असतं, ते आज सांगता येत नाही.

पुढे अप्पा जळकोटला, लेकीकडे राहायला गेले. लेकीचं नाव महानंदा. मी जायचं ठरवायचो आणि पुढं ढकलायचो. कधी सुगी आड यायची, कधी घरातलं लग्न. इलेक्ट्रॉनिक काटे आले, दांडीचे तराजू भंगारात जाऊ लागले, माझं काम आटत गेलं आणि पुढं ढकलायला निमित्त उरलं नाही. मग एकदा एसटीनं जळकोटला गेलो.

अप्पा ओसरीवर बसले होते. थकले होते, पण ओळखलं. "माणिक का? ये, बैस." महानंदानं चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात दारात एक बाई जोंधळे मागायला आली. कणगी अप्पांच्या हाताशी होती, मापटं त्यांच्या पायाशी होतं. अप्पांनी हाक मारली, "महानंदा, मापून दे गं हिला."

ती आतून आली, मापून दिलं. बाई गेल्यावर मला म्हणाली, "दाणा मोजत न्हाईत ओ. बाजारात भाजी घेतली तरी दुसऱ्याला काटा धराया लावत्यात. घरचंच हाय की म्हणलं तर म्हणत्यात, माझ्या बोटाचा भरवसा न्हाई."

अप्पा हसले. मग म्हणाले, "माणिक, येक इचारू? लई वर्सं झाली. त्या दिवशी काटा खरा व्हता न्हवं?"

मी जे सांगायला गेलो होतो त्याचं दार त्यांनी स्वतः उघडून दिलं होतं. महानंदा उभी होती. हातात तेच मापटं होतं. मी अप्पांच्या हाताकडे बघितलं. तो जरासुद्धा हलत नव्हता.

"होता, अप्पा."

त्यांनी मान हलवली. "मंग बरं. शपथ घेतली न्हाई तेच बरं केलं म्हणायचं. खोटी पडली आसती."

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावलं की खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याला सहन झालं नसतं. आपण नाव उगाच घालवलं, हे कळून ते मोडले असते. ही समजूतही पासंगच होती. त्यानंतर वर्षभरात अप्पा गेले. मातीला मी गेलो. लोक समाधीवर बेल वाहत होते, मीही वाहिला आणि मागं सरकलो.

हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात उदगीरला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. शेजारी कुणाची तरी सोयरीक चर्चेत होती. मुलगी लातूरच्या क्लासमध्ये शिकवते, चांगली आहे, असं कुणी म्हणालं. पलीकडून एक जण म्हणाला, "ती व्हय? दांडी मारणाऱ्या तोलाराची नात ना? पोरांना मार्कबी दाबूनच देत आसंल." पंगत हसली. वाढणाराही हसला. महानंदाची मुलगी ती. अप्पांनी बाजार सोडला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. मी बुंदीत हात घालून तसाच बसलो. तिथंही बोललो नाही.

म्हणून हे लिहिलं. ज्यांनी त्या दिवशी ती सुई बघितली त्यांच्यापैकी काही जण अजून बाजारात आहेत. व्यंकटरावांचे मुलगे आहेत. त्यांनी हे वाचावं आणि चार लोकांत बोलावं. अंकाची एक प्रत मी जळकोटला पाठवणार आहे. महानंदा पुढे काय म्हणेल ते मी ऐकून घेईन.

पण जे अप्पांना म्हणायचं होतं ते तिला म्हणून भागत नाही. जळकोटच्या त्या ओसरीवर, चहाचा कप हातात असताना म्हणायचं होतं, आणि ते काही लांबलचक नव्हतं.

अप्पा, तुमची बोटं खरी होती. खोट काट्यात होती, ती मी घातली होती आणि मला ठाऊक होती. मला क्षमा करा. तुम्ही हात उचलला होता, तो खाली घ्यायचं कारण नव्हतं. शपथ घ्यायला हवी होती, अप्पा. ती खरी पडली असती.